प्रदर्शनातील चित्र आणि मागावरील नक्षी

वस्त्राचा व्यवहार हा मानवी संस्कृतीतील अत्यंत प्राचीन व्यवहारांपैकी एक होय. सूत, रंग, पन्हा, वजन, भाव या गोष्टींचा हिशेब वहीत मांडता येतो. परंतु ज्या एका गोष्टीमुळे ग्राहकाचा हात शंभर ताक्यांतून एकाच ताक्यावर थांबतो, ती नक्षी मात्र कोणत्याही वहीत जमेस धरली जात नाही. ही नक्षी येते कोठून? विणकराच्या घराण्यातून, असे उत्तर सामान्यतः दिले जाते आणि ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर शोधावयाचे तर गेल्या पावणेदोनशे वर्षांतील कलाप्रदर्शने, वस्तुसंग्रहालये आणि शहरांतून भरणारे कलामहोत्सव यांच्या इतिहासाकडे वळावे लागते. या इतिहासात प्रेरणा आहे, तशीच नक्कलही आहे. आणि दोहोंतील सीमारेषा नेहमीच स्पष्ट राहिलेली नाही.

इ. स. १८५१ च्या १ मे रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये, जोसेफ पॅक्स्टन यांनी लोखंड आणि काच यांतून उभारलेल्या ‘क्रिस्टल पॅलेस’ या वास्तूत, सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचे महाप्रदर्शन सुरू झाले. ऑक्टोबरपर्यंत ते चालले आणि सुमारे ६० लाख भेटींची नोंद झाली. ईस्ट इंडिया कंपनीने तेथे हिंदुस्थानचे दालन मांडले होते. ढाक्याची मलमल, काश्मीरच्या शाली, जरीचे किनखाब अशी वस्त्रे त्यात होती. यंत्रयुगाच्या वैभवाचा डंका पिटण्यासाठी भरविलेल्या प्रदर्शनात जाणकारांची दृष्टी हातमागाच्या कापडावर खिळावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल.

या जाणकारांत अग्रणी होते ओवेन जोन्स. प्रदर्शनाच्या वास्तूची रंगयोजना त्यांचीच होती. त्यांचा आक्षेप असा की, युरोपातील कारखानदार कापडावर आणि गालिच्यावर खऱ्यासारखी दिसणारी, छाया-प्रकाशासह उठाव दाखविणारी फुले छापतात. वस्तुतः कापड ही सपाट वस्तू आहे आणि तिच्यावरील नक्षीही सपाटच असावयास हवी. हे तत्त्व न सांगता, न लिहिता हिंदुस्थानी विणकर पाळत आला आहे, असे त्यांना दिसले. १८५६ मध्ये त्यांनी ‘द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ हा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील हिंदुस्थानी नक्षीकामाची पाने १८५१ च्या लंडन आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनातील वस्तूंवरून मोठ्या प्रमाणात बेतलेली आहेत. तो ग्रंथ पुढे कित्येक पिढ्यांच्या नक्षीकारांनी उशाशी ठेवला.

प्रदर्शनाच्या अखेरीस सरकारी अनुदानातून काही वस्तू कायमच्या विकत घेण्यात आल्या, त्यांत हिंदुस्थानी वस्तूंचा वाटा मोठा होता. हाच पुढच्या साउथ केन्सिंग्टन, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचा पाया. १८५२ मध्ये हेन्री कोल यांनी मार्लबरो हाउस येथे या वस्तू मांडल्या आणि त्यांच्या जोडीला एक वेगळेच दालन उघडले. त्यात वाईट नक्षीचे नमुने होते! बाजारात सर्रास विकली जाणारी छापील कापडे, भिंतीचे कागद असा माल ‘असे करू नये’ म्हणून लोकांस दाखविण्यात आला. उत्पादकांनी अर्थातच ओरड केली आणि ते दालन लवकरच आवरते घ्यावे लागले. आपला माल अशा रीतीने टांगलेला पाहून कोणत्या व्यापाऱ्यास आनंद होईल?

येथपर्यंतचा इतिहास कौतुकाचा आहे. पुढचा भाग तितका सुखद नाही, आणि तो थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

जॉन फोर्ब्स वॉटसन या नावाचे एक डॉक्टर १८५० पासून मुंबईच्या लष्करी वैद्यकीय सेवेत होते. अहमदनगरला ते तोफखान्याबरोबर राहिले, पुढे मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काम केले. विलायतेस परतल्यावर हिंदुस्थानातील उत्पादनांचा अभ्यास करून सरकारला अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद त्यांच्याकडे आले. लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये वेगवेगळ्या प्रदर्शनांच्या निमित्ताने जमलेली हिंदुस्थानी कापडे पडून होती. वॉटसन यांनी ती कापली. प्रत्येक कापडाचे तुकडे करून, क्रमांक देऊन, त्यांचे १८ खंडांचे संच बांधले. एका संचात ७०० नमुने. असे २० संच. १८६६ मध्ये हे काम पूर्ण झाले. पागोट्याचे कापड, धोतर, लुंगी, लुगडे, मलमल, छापील चीट, लोकरी शाली, जरीकाम असे सर्व प्रकार त्यांत होते आणि नमुन्याशेजारी लांबी, रुंदी, वजन, ठिकाण, किंमत यांची नोंद होती.

व्यापारी दृष्टीने पाहिल्यास ही योजना विलक्षण बुद्धीची होती, हे मान्य करावेच लागते. २० पैकी १३ संच ब्रिटनमध्ये ठेवले गेले. मँचेस्टर, प्रेस्टन, ब्रॅडफर्ड, ग्लासगो अशा वस्त्रोद्योगाच्या शहरांत ते पोहोचले. उरलेले ७ हिंदुस्थानात आले. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही त्यांतील प्रमुख स्थाने. सर्व संच तंतोतंत सारखे असल्यामुळे मुंबईतील आढत्याने केवळ नमुन्याचा क्रमांक कळविला की मँचेस्टरच्या गिरणीवाल्याच्या डोळ्यांसमोर तेच कापड उभे राही. या वीस संचांना वॉटसन वीस फिरती संग्रहालयेच मानीत. सोबतच्या ग्रंथात त्यांनी गिरणीवाल्यांना समजावून दिले की, हिंदुस्थानातील बहुसंख्य लोक शिवलेले कपडे नव्हे, तर मागावरून उतरलेले अखंड वस्त्र नेसतात. म्हणून नुसता ताका पाठवून भागणार नाही, लांबी, काठ आणि पदर त्यांच्या रीतीप्रमाणेच हवेत.

म्हणजे ज्या विणकराच्या कौशल्याचे कौतुक प्रदर्शनात झाले, त्याच्याच मालाचा नमुना त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर ठेवण्यात आला. त्यास ना विचारले गेले, ना काही मिळाले. ७०० नमुन्यांत गावांची नावे सापडतात. विणणाऱ्यांची सापडत नाहीत. न्यायबुद्धीने हेही नमूद करावयास हवे की, वॉटसन यांनी ढाक्याच्या मलमलीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ती विलायती मलमलीहून अधिक तलम असल्याचा निर्वाळा दिला, आणि यंत्राला काय साधणार नाही हेही लिहून ठेवले. परंतु रोजच्या नेसूच्या कापडाचा प्रश्न निराळा होता. पोट त्यावर चालत होते.

मुंबईतही याच सुमारास प्रदर्शनातून संग्रहालय जन्मास येत होते. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी या इलाख्यातून वस्तू गोळा करताना त्यांच्या दुसऱ्या प्रती येथे ठेवण्यात आल्या. त्यांतूनच भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम घडले. १८७२ मध्ये ते लोकांस खुले झाले आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्यास लाभले. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. त्यांतील अनेक प्रती लंडनमधील १८८५ च्या आगीत जळाल्या. तथापि ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला आणि अजिंठ्यातील पट्टेदार आणि हंसांच्या नक्षीची वस्त्रे अभ्यासकांना घरबसल्या पाहता येऊ लागली.

हंसाची ही नक्षी आपल्या समाजास विशेष जवळची आहे. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांतून स्त्रीपुरुषांच्या अंगावरील वस्त्रे चित्रकारांनी इतक्या बारकाईने रंगविली आहेत की, त्यांवरून बुट्टी मोजता येते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतीय जैन लघुचित्रांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि प्राचीन वेशभूषेवरही सखोल लेखन केले. तिकडे इजिप्तमध्ये कैरोजवळील फुस्तात येथील ढिगाऱ्यांत छापील सुती कापडाचे तुकडे मिळाले होते. त्यांतील हंस, वेली, वर्तुळे आणि पोथ्यांतील वस्त्रांवरची नक्षी यांत अभ्यासकांना स्पष्ट साम्य आढळले. फ्रेंच संशोधक फिस्टर यांनी १९३८ मध्येच हे तुकडे हिंदुस्थानचे, विशेषतः गुजरातकडचे, असल्याचे मांडले होते. असे सुमारे १२०० तुकडे आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. उन्हात आणि दमटीत कापड नष्ट झाले, परंतु भांडारात जपलेल्या पोथीने त्याचे चित्र राखले. श्रावकांनी ज्ञानभक्तीने लिहवून घेतलेल्या पोथ्या वस्त्रेतिहासाचा पुरावा ठरतील, ही कल्पना त्या दात्यांना निश्चितच नसणार.

वस्त्रांचे स्वतंत्र संग्रहालय मात्र स्वातंत्र्यानंतरच उभे राहिले. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांच्याशी झालेल्या विचारविनिमयातून अहमदाबादच्या जैन साराभाई घराण्यातील गौतमभाई यांनी ही कल्पना उचलली आणि १९४९ मध्ये कॅलिको गिरणीच्या आवारात, पंडित नेहरूंच्या हस्ते, कॅलिको म्युझियमचे उद्घाटन झाले. गौतमभाई आणि त्यांच्या भगिनी गिराबेन यांनी पाटणचे पटोळे, मोगली कनाती, छपाईचे ठाण, मंदिरांतील पिछवया अशा वस्त्रांचा संग्रह केला. १९८३ मध्ये तो शाहीबागेत हलविण्यात आला. यंत्रमागाचे कापड विकून पैसा मिळविणाऱ्या गिरणीने हातमागाच्या वस्त्रांचे मंदिर बांधावे, यातील विसंगती काहींना खटकली असेल. परंतु दुसरे कोणी ते बांधले नाही, हेही तितकेच खरे.

१९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय वस्त्रे आणि अलंकारकला यांचे जे प्रदर्शन भरले, त्याने या कथेला वेगळे वळण दिले. मांडणी अलेक्झांडर जिरार्ड यांची होती. काचेच्या कपाटांची रांग लावण्याऐवजी त्यांनी एक काल्पनिक बाजारच उभा केला: सोनेरी खांब, मध्ये पाण्याचा हौद, आरसा, आणि वरून सोडलेल्या साड्या. वस्त्रे निवडण्यात पुपुल जयकर यांचा मोठा सहभाग होता. याच निमित्ताने अली अकबर खाँ यांचे सरोदवादन आणि शांता राव यांचे नृत्य अमेरिकेने पाहिले, आणि सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ प्रथम याच संग्रहालयात दाखविला गेला. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने प्रदर्शनावर लघुपट केला. पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते येथे आले, तीन महिने हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. रोजच्या वापरातील तांब्याइतकी सुंदर घडण दुसऱ्या वस्तूत क्वचितच आढळते, अशा आशयाचे विवेचन त्यात आहे. १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली, तिचे मूळ या अहवालात आहे.

परंतु खऱ्या अर्थाने प्रदर्शनातील कलावंत मागापाशी येऊन बसला, तो विणकर सेवा केंद्रांमुळे. १९५६ पासून हातमाग मंडळाने मुंबईसह प्रमुख शहरांत ही केंद्रे काढली. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने चित्रकारांना तेथे पगारी नोकरीवर घेतले गेले. के. जी. सुब्रमण्यन काही काळ मुंबईत हातमाग मंडळाच्या डिझाइन विभागाचे उपसंचालक होते. मराठी माणसास अभिमान वाटावा असे नाव म्हणजे प्रभाकर बरवे. रायगड जिल्ह्यातील नागाव येथे १९३६ मध्ये जन्मलेले बरवे १९५९ मध्ये जे. जे. मधून बाहेर पडले आणि १९६१ पासून १९८२ पर्यंत विणकर सेवा केंद्रात राहिले. आरंभीची काही वर्षे बनारसला, नंतर मुंबईला. बनारसच्या वास्तव्यात तांत्रिक आकृत्यांचा त्यांच्या चित्रांवर परिणाम झाला. पुढे त्यांची चित्रे देशोदेशीच्या प्रदर्शनांत गेली, ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे पुस्तक १९९० मध्ये आले. त्यांच्या चित्रांची चर्चा पुष्कळ होते. वीस वर्षे त्यांनी कापडासाठी केलेल्या कामाची त्या मानाने फारच थोडी.

येथे एका गैरसमजाचा परामर्श घेणे योग्य ठरेल. चांगले चित्र आवडले, ते कापडावर उतरविले की डिझाइन झाले, अशी नवशिक्या उत्पादकांची समजूत असते. तसे होत नाही. चित्राला चौकट असते, कापडाला नसते. कापडावरील आकृती उजवीकडे, डावीकडे, वर, खाली न तुटता पुन्हापुन्हा जुळत गेली पाहिजे. गोल जाळीच्या छपाईयंत्रावर हा फेरा सामान्यतः ६४ सेंटिमीटरचा, म्हणजे आकृती त्यात किंवा त्याच्या समभागात बसली पाहिजे. प्रत्येक रंगास स्वतंत्र जाळी लागते. चित्रकाराने सहज वापरलेल्या वीस छटांच्या आठ करताना काय ठेवावे आणि काय सोडावे, यातच नक्षीकाराची कसोटी लागते. जेकार्ड मागावर तर वक्ररेषाही चौकडीच्या कागदावर पायऱ्यापायऱ्यांनी मांडावी लागते. साडीचा प्रश्न आणखी वेगळा. नेसल्यावर निम्मे कापड निऱ्यांत जाते. दर्शनी भागात राहतो तो पदर, खांदा आणि काठ. म्हणून प्रदर्शनातून परतलेल्या कुशल नक्षीकाराच्या वहीत संपूर्ण चित्र क्वचितच असते. दोन रंगांचे सान्निध्य, एखाद्या कोपऱ्यातील रेषांची दाटी, मोकळ्या सोडलेल्या जागेचे प्रमाण अशाच नोंदी असतात. जे चित्र ओळखू येते, ते बहुधा नक्कल असते.

१९८२ मध्ये लंडनच्या भारत महोत्सवात मार्तंड सिंग यांनी ‘विश्वकर्मा’ मालिकेतील वस्त्रे मांडली. त्यांचे वैशिष्ट्य असे की, जुनी वस्त्रे केवळ उसनी आणून टांगली नव्हती. तर विणकर सेवा केंद्रांमार्फत कुशल कारागिरांकडून संग्रहालयातील नमुन्यांच्या तोडीची नवी वस्त्रे विणून, छापून, रंगवून घेतली होती. विस्मृतीत चाललेली काही तंत्रे त्या निमित्ताने पुन्हा हातात आली. १८६६ मध्ये वस्त्र कापून त्याचा नमुना परदेशी गिरणीला दिला गेला. येथे नमुना विणकराच्या हाती परत आला. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर-ह्युइट संग्रहालयातील ‘गोल्डन आय’ प्रदर्शनात राजीव सेठी यांनी परदेशी वास्तुकार-डिझाइनर आणि भारतीय कारागीर यांना एकत्र बसवून नव्या वस्तू घडविल्या. उपक्रम गाजला. त्यातून बाजारपेठ किती उभी राहिली, हा प्रश्न वेगळा. आणि व्यापाऱ्याने तो विचारलाच पाहिजे.

मुंबईत १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली, १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आले, आणि १९९९ पासून काळाघोडा कला महोत्सव भरू लागला. काळबादेवीच्या कापडबाजारातून काळाघोडा पायी गाठता येतो, तरीही अनेक वर्षे या दोन जगांची ओळख नव्हती. महोत्सवात रस्त्यावर मांडलेल्या शिल्परचना, हस्तकलेच्या दुकानांच्या ओळी आणि तरुणांची गर्दी यांमुळे चित्रे ही केवळ श्रीमंतांची गोष्ट आहे, हा समज कमी झाला. ३० मार्च २०२३ रोजी तर ‘दिओर’ या फ्रेंच वस्त्रगृहाने गेटवे ऑफ इंडियासमोर आपले वस्त्रप्रदर्शन भरविले. प्रवेशद्वारी उभारलेले भव्य तोरण मुंबईतीलच भरतकाम संस्थेने सजविले होते. परदेशी घराण्यांसाठी येथील कारागीर पूर्वीही भरतकाम करीत. फरक इतकाच की, या वेळी ते काम कोठे झाले हे उघडपणे सांगितले गेले.

प्रदर्शनात माल मांडणाऱ्या उत्पादकांनी कायद्याचीही थोडी माहिती ठेवणे हिताचे आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, डिझाइन म्हणून नोंदविण्याजोगी असूनही न नोंदविलेली नक्षी औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक नगांवर उतरली की तिच्यावरील हक्क संपतो. डिझाइन कायदा, २००० अन्वये नोंदणी केल्यास १० वर्षे आणि वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र नक्षी आधी प्रसिद्ध झालेली नसावी. प्रथम प्रदर्शनात मांडली आणि नंतर नोंदणीस गेले, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती सवलत आहे, तीही पूर्वसूचना देऊन, सहा महिन्यांच्या आत अर्ज केला तरच. परंपरागत नक्षीसाठी भौगोलिक निर्देशांकाचा १९९९ चा कायदा २००३ पासून अमलात आला आणि पैठणीस त्याचे संरक्षण लाभले आहे. मोर आणि कमळ कोणाच्या मालकीचे नाहीत. पण यंत्रावर काढलेल्या साडीस पैठणीचे नाव देऊन विकणे हा आता केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही.

फोर्ब्स वॉटसन यांचे संच पुढे विखुरले. काही संग्रहालयांत गेले, काहींचे खंड हरवले. प्रेस्टनच्या हॅरिस संग्रहालयातील आणि लंडनमधील नमुन्यांची छायाचित्रे आता संगणकावर कोणासही पाहता येतात. गिरणीवाल्यांसाठी लिहिलेली लांबी, रुंदी आणि किंमत प्रत्येक तुकड्याखाली अद्याप वाचता येते. येवल्याच्या किंवा सोलापूरच्या विणकराच्या मुलास घरी बसून त्यांतील काठ मोठा करून पाहता येतो, धागे मोजता येतात आणि तो चौकडीच्या कागदावर उतरविता येतो.